साखरेच्या जागी

१९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे एक तरुण संशोधक साखरेच्या रेणूला क्लोरीनचे अणू जोडायच्या खटपटीत होते. मार्गदर्शक प्राध्यापक लेस्ली हफ, आणि पाठीशी टेट अँड लाइल ही बडी साखर कंपनी. तयार झालेली पूड तपासून पाहा, असं सांगितलेलं फडणिसांना ‘चाखून पाहा’ असं ऐकू आलं. त्यांनी चाखली. क्लोरीन म्हटल्यावर ज्यांना पोहण्याचा तलाव आठवतो त्यांच्या अंगावर काटा येईल; पण पूड गोड निघाली, आणि गोड तरी किती, साखरेच्या सुमारे सहाशे पट. हेच सुक्रालोज. आज मिठाईच्या दुकानात वेगळ्या ताटात मांडलेल्या ‘शुगर फ्री’ बर्फीत बहुधा तेच असतं, आणि त्याच्या जन्माशी एका मराठी आडनावाचा संबंध आहे हे ती बर्फी खाणाऱ्या कुणाच्या गावीही नसतं.

या क्षेत्रातले बरेचसे शोध असेच, हात न धुता लागलेले. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले कॉन्स्टंटिन फालबर्ग जेवायला बसले तर पाव गोड लागायला लागला. हाताला प्रयोगशाळेतली पूड तशीच होती, ते सॅकरिन. १९३७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडांना सिगारेटच गोड लागली, ते सायक्लामेट. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटरनी कागद उचलायला बोट जिभेला लावलं, ते अ‍ॅस्पार्टेम. यांतल्या एकाच्याही घरी आमच्या आईसारखी आई नव्हती एवढंच यावरून सिद्ध होतं.

आमचं घर सांगली जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. अण्णा सहकारी साखर कारखान्याचे सभासद. दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर कार्डावर मिळते, ती घरी येऊन कोठीच्या खोलीत पडते. आणि त्याच घरात जेवणाच्या टेबलावर, रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी, गोड गोळ्यांची बोटाएवढी डबी असते. डबीच्या डोक्यावर अंगठा दाबला की खालून टिक करून मुगाच्या डाळीएवढी पांढरी गोळी कपात पडते. आधी तळाशी जाते, मग बारीक बुडबुडे सोडत वर येते, चहाच्या सायीला टेकून जरा गरगरते आणि दिसेनाशी होते. दोन टिक म्हणजे अण्णांचा चहा. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ही टिक ऐकतो आणि मान डोलावत सांगतो, “अण्णा, ते सोडा बघा. त्यानं कॅन्सर होतोय.”

जुलै २०२३ नंतर हे प्रमाण फार वाढलं. त्या महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अ‍ॅस्पार्टेमला ‘२ब’ गटात टाकलं, म्हणजे ‘माणसात कर्करोगाला कारणीभूत असू शकेल’ असा गट. बातमी मोबाइलवरून घरोघर पोचली तेव्हा तिच्यातलं ‘असू शकेल’ वाटेत गळून पडलेलं होतं. या गटांची मेख अशी की ते पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. २ब म्हणजे पुरावा तोकडा आहे, पण शंका झटकून टाकावी इतका फोलही नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे, आणि तो ‘नैसर्गिक’ म्हणून सकाळी उपाशीपोटी घेणारी माणसं आपल्या सगळ्यांच्याच ओळखीची असतात.

त्याच दिवशी दुसऱ्या एका समितीनं, अन्नातल्या मिसळपदार्थांची रोजची मर्यादा ठरवणाऱ्या समितीनं, अ‍ॅस्पार्टेमची जुनी मर्यादा कायम ठेवली : शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. ही बातमी मात्र फारशी कुणी पुढे पाठवली नाही. अण्णांचं वजन साठ किलोच्या आसपास. म्हणजे दिवसाला २४०० मिलिग्रॅम. त्या टिक-गोळीत अ‍ॅस्पार्टेम साधारण १८ ते २० मिलिग्रॅम. मर्यादेला हात लावायचा तर अण्णांना रोज सव्वाशेच्या आसपास गोळ्या घ्याव्या लागतील, म्हणजे साठएक कप चहा. तेवढा चहा प्यायल्यावर अ‍ॅस्पार्टेमचा नंबर बऱ्याच उशिरा लागेल.

‘त्यातून मिथेनॉल तयार होतं’ हीसुद्धा एक आवडती भीती. होतं, खोटं नाही. अ‍ॅस्पार्टेमच्या वजनाच्या सुमारे एक दशांश. पण ग्लासभर टोमॅटोच्या रसातून त्याहून जास्त मिथेनॉल पोटात जातं आणि त्याबद्दल कुणी पाहुणा काही बोलल्याचं ऐकलेलं नाही. ज्यांना अ‍ॅस्पार्टेम खरोखर, निःसंशय वर्ज्य आहे ती माणसं फार थोडी : फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेली. अ‍ॅस्पार्टेम पचताना फिनाइलअ‍ॅलॅनिन नावाचं अमिनो आम्ल सुटतं, ते या लोकांच्या शरीरात मोडलं जात नाही, साठत जातं आणि मेंदूला इजा करतं. त्यांच्यासाठी वेष्टनावर सूचना छापणं बंधनकारक आहे. बाकीच्यांना तेच अमिनो आम्ल डाळी-दुधातून रोज कितीतरी जास्त मिळतं.

माझा एक लाडका पाहुणा (नातं सांगत नाही, भांडण नको) हे कॅन्सरचं सांगताना गालात गोड सुपारी धरून असतो. गोड सुपारीला गोडी बरेचदा सॅकरिनची असते. त्या पुडीत घाबरायचंच असेल तर सॅकरिनला नाही, सुपारीला घाबरायला हवं. सुपारी त्याच संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, तंबाखूच्या शेजारी, जिथे ‘असू शकेल’ नसतं.

सॅकरिनची बदनामी मात्र जुनी आणि चांगली चघळलेली. लहानपणी शाळेबाहेरच्या गाडीवरचा बर्फाचा गोळा खायला मिळायचा नाही तो ‘त्यात सॅकरिन घालतात, घसा धरतो’ म्हणून. अमेरिकेत त्याच्यावर शंभर वर्षांपूर्वीपासून खडाजंगी चालली आहे. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना डॉक्टरांनी रोज सॅकरिन दिलेलं होतं. अन्नभेसळीविरुद्ध झगडणारे हार्वी वायली त्यांच्यासमोरच सॅकरिन घातक आहे म्हणाले, तर रूझवेल्टनी असं म्हणणाऱ्याला सरळ मूर्ख ठरवलं. पुढे १९७७ मध्ये उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचा कॅनडातला प्रयोग पुढे आला आणि सॅकरिनवर बंदीचा प्रस्ताव आला. सायक्लामेट अमेरिकेत १९६९ मध्येच बंद झालेलं, म्हणजे मधुमेहींच्या हातात उरलेली ती एकमेव गोडी. लोक खवळले. संसदेनं बंदी लांबणीवर टाकली आणि डब्यावर इशारा छापायला लावला.

तो इशारा २००० साली काढून टाकला, आणि का काढला ते मला या साऱ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. त्या उंदरांच्या आहारात पाच टक्क्यांपर्यंत सॅकरिन होतं, माणूस जन्मात खाणार नाही एवढं. शिवाय नर उंदराच्या लघवीत प्रथिनं आणि क्षार अशा प्रमाणात असतात की इतक्या सॅकरिनमुळे तिथे खडे जमतात, ते मूत्राशयाच्या अस्तराला सतत घासतात, आणि झालेली झीज भरून काढायला पेशी वाढत राहतात. माणसाची लघवी तशी नसते. वीसएक वर्षं अमेरिकेतले लोक डब्यावरचा इशारा वाचत होते तो उंदराच्या लघवीमुळे.

म्हणजे सगळं ठीक आहे, खुशाल खा, असं मी म्हणत नाही. मला खटकतं ते दुसरंच. कॅन्सर होतो का, एवढा एकच प्रश्न विचारून आपण मोकळे होतो. ‘कशाच्या ऐवजी?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि या गोळ्या-पुड्यांचं बरं-वाईट बहुतांशी त्याच्यावर ठरतं.

फ्रान्समध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एक लाखाहून जास्त प्रौढ माणसं, वर्षानुवर्षं काय खातात याच्या नोंदी. कृत्रिम गोडी जास्त घेणाऱ्यांत, अजिबात न घेणाऱ्यांच्या तुलनेत, कर्करोगाचं प्रमाण १३ टक्क्यांनी जास्त दिसलं. आकडा खरा, अभ्यास नेटका. पण कृत्रिम गोडीकडे मुळात वळतं कोण? ज्याचं वजन वाढलंय, ज्याच्या घरात मधुमेह आहे, ज्याला डॉक्टरांनी दटावलंय तो. काठी टेकत चालणाऱ्यांचे गुडघे जास्त दुखतात म्हणून काठीनं गुडघे दुखतात असं आपण म्हणत नाही. संशोधक वजन, वय, धूम्रपान, सगळं गणितातून वजा करतात, पण माणसाच्या आयुष्यातलं सगळं वजा होत नाही. दुसऱ्या बाजूला, ‘फक्त काठीच आहे’ असं म्हणून हा आकडा उडवूनही लावता येत नाही. तो तिथे आहे, आणि कंपन्यांची जाहिरात वाचताना तो डोक्यात ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये जे सांगितलं ते या कॅन्सरच्या बातमीपेक्षा महत्त्वाचं होतं, आणि त्याचा आमच्या नातेवाइकांच्या गटात मागमूसही नव्हता. संघटना म्हणाली, वजन आटोक्यात ठेवायला म्हणून या गोड्या वापरू नका. थोड्या दिवसांच्या प्रयोगांत वजन सरासरी पाऊण किलोच्या आसपास कमी होतं; लांब मुदतीच्या निरीक्षणांत मात्र फायदा दिसत नाही, उलट मधुमेह आणि हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसतं. शिफारस ‘सशर्त’ आहे, कारण तीच काठीची अडचण. आणि ती आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही, हे वाक्य तर कुणीच वाचलं नाही. स्टीव्हिया या झुडपाच्या पानांची गोडीही त्या यादीत आहे, हेही नाही. पानातून काढलं की पदार्थ साधू होतो अशी आपल्याकडे समजूतच आहे.

स्टीव्हियाच्या पुडीवरून आठवलं. ती उलटी करून वाचा. अर्क चिमटीतही येणार नाही इतका थोडा. पुडी फुगवायला बरेचदा एरिथ्रिटॉल नावाचं दुसरंच एक गोड द्रव्य असतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त आढळले. यावर रास्त आक्षेप आला की शरीर स्वतःही एरिथ्रिटॉल बनवतं, आणि चयापचय बिघडलेल्या माणसात ते जास्त बनतं. पण त्याच चमूनं काही निरोगी माणसांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल पाण्यातून दिलं, तर रक्तातलं प्रमाण हजार पटींहून वर गेलं आणि पूर्ववत व्हायला दोनेक दिवस लागले. आणि प्रयोगशाळेत त्या पातळीला रक्ताच्या गुठळ्या सहज होताना दिसल्या. गोड गोळीपेक्षा मला या गोष्टीची भीती जास्त वाटते, कारण ३० ग्रॅम म्हणजे ‘किटो’ आइस्क्रीमचा जेमतेम अर्ध्या लिटरचा एक डबा. त्यात काही सव्वाशे गोळ्या मोजाव्या लागत नाहीत.

आणि पोटातले जिवाणू. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत १२० निरोगी माणसांना गटागटांत दोन आठवडे सॅकरिन, सुक्रालोज, अ‍ॅस्पार्टेम, स्टीव्हिया दिलं. (कृत्रिम गोडी कधीच पोटात न गेलेली माणसं शोधतानाच त्यांची दमछाक झाली, इतकी ती टूथपेस्टपासून खोकल्याच्या औषधापर्यंत सगळीकडे आहे.) सॅकरिन आणि सुक्रालोजच्या गटांत साखर पचवायची ताकद बिघडली, पण सगळ्यांची नाही. कुणाची बरीच, कुणाची काहीच नाही. ज्याच्या आतड्यातली वस्ती जशी, तसा परिणाम. ‘यात कॅलरी नाही म्हणजे शरीराला ते कळतच नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य या अभ्यासानंतर बोलायला कठीण झालं पाहिजे. झालेलं नाही.

आपल्याकडची परिस्थिती फ्रान्सची नाही, हेही खरं. तिथे ही गोडी बाटलीबंद पेयांतून जास्त जाते, आपल्याकडे चहा-कॉफीतून. चेन्नईच्या मधुमेह संशोधन संस्थेनं हेच धरून मधुमेह असलेल्या १७९ भारतीयांवर बारा आठवड्यांचा प्रयोग केला : चहा-कॉफीतली साखर काढून सुक्रालोज. एचबीए१सीमध्ये, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या आकड्यात, लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही, बिघडलंही नाही. वजन आणि कमरेचा घेर किंचित कमी झाला. मला यात आश्चर्य वाटलं नाही. आपल्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते असं देशव्यापी पाहणी सांगते. भात, पोळ्या, पोहे, साबुदाणा यांचा हा डोंगर तसाच ठेवून कपातला चमचा काढला तर एचबीए१सी हलणार कशाला?

अण्णांची एकादशी बघावी. दोन टिक चहा, आणि समोर साबुदाण्याच्या खिचडीची शीग लावलेली ताटली, वर दाण्याचं कूट, शेजारी रताळ्याचा कीस. मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणतात, “साखर न्हाई घेतलेली, बघ.” चहातली वाचवलेली साखर म्हणजे जणू बँकेत टाकलेली ठेव, ती सणाच्या दुपारी पुरणपोळीच्या रूपानं व्याजासकट काढायची. ही सवलत कुठल्या प्रयोगात मोजायची ते मला माहीत नाही, पण घरोघर ती चालते. पुण्यात आता जागोजागी ‘गुळाचा चहा’ मिळतो, तिथे मधुमेही माणसं समाधानानं उभी असतात. गूळ रक्तात साखरच होतो. कारखान्याच्या सभासदानं हे सांगितलं तर लोक म्हणतात, तुम्ही साखरेचे लोक, तुम्ही असंच बोलणार.

स्वयंपाकघरात तर साखर फक्त गोडी म्हणून नसतेच. आईनं एका दिवाळीला अण्णांसाठी सुक्रालोजच्या पुडीचे रव्याचे लाडू करायला घेतले. एकतारी पाक करायचा तर तार कशाची येणार? पाणी नुसतं गोड झालं, चिकट झालं नाही. रवा त्यात भिजला, फुगला, आणि वळायला घेतलेला लाडू हातातच फुटायचा. शेवटी तूप वाढवलं, मग अजून वाढवलं, तेव्हा कुठे ते गोल राहिले. साखर गेली, तिच्या जागी तूप आलं. हलवायाचं गणितही हेच असतं. ‘शुगर फ्री’ पेढ्यात खवा जास्त, काजूकतलीत काजू तेवढेच आणि वजन भरायला माल्टिटॉलसारखं काहीतरी, ज्याला साखरेच्या अर्ध्याहून जास्त कॅलरी असतात आणि जे जास्त खाल्लं की पोट धुऊन काढतं. डब्याच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. वाचतो आपण दुसऱ्या दिवशी. आणि सुक्रालोज भट्टीत घालायचं असेल तर जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेनं २०१९ मध्ये सांगितलंय की १२० अंशांच्या वर ते मोडून घातक क्लोरीनयुक्त संयुगं होण्याची शक्यता आहे. चहात हा प्रश्न येत नाही. घरगुती ‘डाएट केक’मध्ये येतो.

तर अण्णांच्या गोळ्यांबद्दल माझं मत असं बनलंय : मधुमेह पंचवीस वर्षांचा, वय चौऱ्याहत्तर, दिवसाला तीन-चार कप चहा. साखरेच्या चमच्याऐवजी ती टिक असेल तर असू दे. ज्या धोक्यांबद्दल एवढी चर्चा आहे ते वर्षानुवर्षं, हळूहळू साठणारे आहेत, आणि त्याआधी अण्णांच्या पायाच्या मुंग्या, डोळ्यांचा पडदा आणि रताळ्याचा कीस हे रांगेत उभे आहेत. हे मी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “मग एवढं वाचलंस कशाला?”

वाचलं ते उपयोगी पडलं भाचीसाठी. ती नऊ वर्षांची. अक्का तिला साखर नको म्हणून ‘झिरो’वालं पेय बिनदिक्कत देते, वाढदिवसाला, प्रवासात, परीक्षा संपली म्हणून. तिला मधुमेह नाही, वजन ठीक आहे, आणि तिच्यापुढे ही सवय जोपासायला साठ-सत्तर वर्षं आहेत. त्या बाटलीला साखरेच्या पेयाऐवजी म्हणून बघितलं तर बाटली जिंकते. पाण्याऐवजी म्हणून बघितलं तर तिची बाजू घ्यायला माझ्याकडे एकही कारण नाही. आणि आमच्या घरात ती आली ती पाण्याऐवजीच. आधी अक्का तिला साखरेची पेयं देतच नव्हती.

बाटली फिरवून अक्काला दाखवली. घटकांच्या गर्दीत ९५० आणि ९५५ असे आकडे होते, म्हणजे अ‍ॅसेसल्फेम-के आणि सुक्रालोज, दोन्ही एकत्र. खाली आडव्या घडीत, झाकणाच्या बाजूला तोंड केलेली एक ओळ होती : लहान मुलांसाठी शिफारस नाही. इंग्रजीत, तीळभर अक्षरात. “अगं, चष्मा लावूनही दिसंना मला,” अक्का म्हणाली. भाचीनं मात्र चष्म्याशिवाय एका दमात वाचली आणि विचारलं, “मावशी, मग हे पुढच्या बाजूला का नाही लिहिलं?”